चिठ्ठी दिली, पण पेशंट परत आलाच नाही

वाचक डॉक्टरचं पत्र

मी जनरल प्रॅक्टिस करते. काही महिन्यांपूर्वी पंचेचाळिशीच्या एक बाई गुडघेदुखी घेऊन आल्या. वजन १०४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४१, बीपी थोडं वर, शुगर काठावर. मी म्हटलं, "वजन उतरल्याशिवाय गुडघा बरा होणार नाही," आणि एका कागदावर आहारतज्ज्ञ आणि बॅरिॲट्रिक (वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणारे) सर्जन अशी दोन नावं लिहून दिली. त्या दोघांपैकी कोणाकडेही गेल्या नाहीत आणि माझ्याकडेही फिरकल्या नाहीत. पुढे त्यांच्या बहिणीकडून कळलं की त्या घरी जाऊन रडल्या. "गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही, एकदम ऑपरेशनचंच काढलं," असं म्हणाल्या.

तेव्हापासून वजनाचा विषय काढायला जीभ रेटत नाही. एका पेशंटला माझ्याकडे दहा मिनिटं असतात. विषय काढावा की नाही? कोणाला, कधी आणि कोणाकडे पाठवावं? ऑपरेशनचं नाव काढलं की बहुतेक जण नकोच म्हणतात. आणि पाठवलं तरी पलीकडून काही कळत नाही. मी नुसती नावं लिहून देणारी झाले आहे, असं वाटतं.

उत्तर

प्रिय डॉक्टर,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. विषय काढायचाच. गप्प राहिल्याने पेशंटचा मान राखला जात नाही, तो आणखी काही वर्षं एकटाच झगडत राहतो.

२०१८ मध्ये ११ देशांत ॲक्शन-आयओ नावाची एक मोठी पाहणी झाली. त्यात लठ्ठपणा असलेल्या १४,००० हून अधिक लोकांना आणि अडीच हजारांहून अधिक डॉक्टर-आरोग्यसेवकांना प्रश्न विचारले होते. आपल्या पेशंटना वजन कमी करण्यात रस नाही, असं वाटणारे ७१ टक्के डॉक्टर निघाले. स्वतःहून "मला रस नाही" म्हणणारे पेशंट होते फक्त ७ टक्के. वजनाशी झगडा सुरू झाल्यापासून डॉक्टरांशी त्याबद्दल पहिल्यांदा बोलणं होईपर्यंत सरासरी ६ वर्षं गेली होती. डॉक्टरांनीच विषय काढावा असं दोनतृतीयांशांहून जास्त लोकांना वाटत होतं. आणि ८१ टक्के लोक वजन कमी करणं ही सर्वस्वी आपलीच जबाबदारी मानत होते. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. दमा झालेला कुणी "श्वास घेणं ही माझी जबाबदारी, डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा" असं म्हणत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र पेशंट अपराधी होऊनच खोलीत शिरतो, आणि आपलं पहिलं वाक्य अनेकदा तो अपराध पक्का करतं.

म्हणून तुमच्या त्या बाई का दुखावल्या हे नीट पाहायला हवं. वजनाचा उल्लेख झाला म्हणून त्या रडल्या, असं मला पत्रावरून वाटत नाही. त्या गुडघा घेऊन आल्या होत्या आणि गुडघा कुणी पाहिलाच नाही. वजन जास्त असलेल्या पेशंटच्या वाट्याला हे सारखं येतं. धाप लागते, वजन. पाळी चुकते, वजन. कंबर दुखते, वजन. या घाईत कधी खुब्यातून गुडघ्यात उतरलेली कळ निसटते, कधी मेनिस्कसची (गुडघ्यातल्या कूर्चेची) इजा, कधी सकाळी तासभर न सुटणारा सांध्यांचा ताठरपणा. तेव्हा नियम एकच ठेवा. जी तक्रार घेऊन पेशंट आला आहे तिची तपासणी पूर्ण व्हायची आणि तिच्यावर आज काहीतरी उपचार सुरू व्हायचा. त्याआधी वजनाबद्दल एक शब्द नाही. तुमची दोन मिनिटं जास्त जातील, पण पुढचं बोलणं ऐकून घ्यायला समोर माणूस असेल.

आणि त्या बाईंना फोन करा. बहिणीने काय सांगितलं ते बोलू नका, सफाई देत बसू नका. "तुमचा गुडघा मला नीट तपासायचा राहिला आहे. या आठवड्यात येऊ शकाल का? त्या दिवशी फक्त गुडघाच पाहू," एवढं म्हणा आणि त्या दिवशी खरोखरच फक्त गुडघा पाहा. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवा, फिजिओथेरपिस्टची वेळ घेऊन द्या, दुखण्यावर औषध द्या. औषध देताना एक सावधगिरी हवी. सांधेदुखीला प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन सर्रास लिहिलं जातं, आणि दोन्हींनी वजन वाढू शकतं.

आता विषय कसा काढायचा ते सांगते. परवानगी मागून. "तुमच्या तब्येतीच्या संदर्भात वजनाबद्दल थोडं बोललं तर चालेल का? आज नको असेल तर पुढच्या वेळी बोलू." हे सौजन्यापोटीचं वाक्य नाही, उपचाराची सुरुवात इथूनच होते. नाही म्हणायची मोकळीक मिळाली की बहुतेक जण हो म्हणतात. हो म्हटल्यावर आपण बोलायचं नाही, विचारायचं. आजवर काय काय करून पाहिलं? वजन कधीपासून वाढत गेलं, त्या सुमाराला काय घडलं होतं? बाळंतपण, रात्रपाळी, एखादं नवं औषध, घरातला मृत्यू? वजनामुळे रोजचं काय अडतं? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पेशंटच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून ठेवा. "जिना चढताना मध्ये थांबावं लागतं" किंवा "नातवाला जमिनीवरून उचलता येत नाही". वजनकाट्यावरच्या आकड्यापेक्षा हेच वाक्य तुम्हाला पुढची दोन वर्षं उपयोगी पडेल.

तुमच्या दहा मिनिटांची अडचण खरी आहे, पण तिच्यावर उत्तर सापडलं आहे. इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. १,८८२ पेशंट, सगळे दुसऱ्याच कशासाठी तरी आलेले. तपासणी आटोपल्यावर डॉक्टरांनी फक्त ३० सेकंद वजनावर बोलायचं होतं. निम्म्यांना सांगितलं, "वजन कमी झालं तर तब्येतीला फायदा होईल." बाकीच्यांना १२ आठवड्यांच्या वजन-नियंत्रण वर्गाची शिफारस केली, दवाखान्यातून बाहेर पडायच्या आतच वेळ नक्की करून दिली आणि वर "कसं चाललंय ते सांगायला परत या" असंही म्हटलं. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी ९ टक्के लोक अशा वर्गाला गेले. दुसऱ्या गटातले ४० टक्के गेले. वर्षअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी १ किलोने उतरलं होतं, दुसऱ्याचं जवळजवळ अडीच किलोंनी. आणि हे बोलणं अयोग्य आणि निरुपयोगी वाटलेले पेशंट किती? १,८८२ पैकी ४.

अडीच किलो ऐकायला थोडे वाटतात, मान्य. पण तुम्ही ९ आणि ४० मधला फरक पाहा. डॉक्टर तेच, वेळ तीच. फरक पडला तो वर्गाची वेळ तिथल्या तिथे ठरल्याने आणि परत बोलावल्याने. तुमच्या कागदावर दोन नावं होती. फोन कुणी करायचा, कधी जायचं, तिथे काय होणार, नंतर तुमच्याकडे यायचं की नाही, यातलं काहीच नव्हतं. असा कागद हातात पडला की पेशंट त्याचा एकच अर्थ लावतो: या डॉक्टरांना मी नको आहे.

बोलण्याआधी तुमची खोलीही एकदा पेशंटच्या नजरेने पाहून घ्या. बीपीचा कफ दंडाला पुरत नाही, कसाबसा गुंडाळतो आणि फुगवताना वेल्क्रो तडतडत सुटतो. पेशंट नजर खाली घालतो, नर्स म्हणते, "तुमचा दंड मोठा आहे ना." हे रोज घडतं. दंड मोठा नसतो, कफ लहान असतो. आणि प्रश्न केवळ मान-अपमानाचा नाही. ज्यांना सगळ्यात मोठा कफ लागतो त्यांचं बीपी साध्या कफने घेतलं, तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त येतो, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे नसलेल्या बीपीची गोळी सुरू व्हायची. तुमच्या बाईंचं "थोडं वर" असलेलं बीपीसुद्धा योग्य कफने पुन्हा मोजा. मोठे कफ मागवा, हात नसलेल्या एक-दोन भक्कम खुर्च्या ठेवा, आणि वजनकाटा बाहेरच्या बाकड्यांसमोर असेल तर आत आणा. वजनाचा आकडा मोठ्याने पुकारायचा नाही, हे नर्सला शांतपणे समजावून सांगा.

एक गोष्ट तुमच्या-माझ्यासारख्या डॉक्टरांच्या मनातली आहे. शिकताना लठ्ठपणावर आपल्याला फारसं काही शिकवलं गेलं नाही. "कमी खा, जास्त चाला" एवढ्यावर गाडी थांबली. त्यामुळे वजन परत चढलं की पेशंटने ढिलाई केली, असं आपण मनातून धरूनच चालतो. शरीराचं वागणं वेगळं आहे. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात लोकांनी १० आठवडे अतिशय कमी उष्मांकाचा आहार घेऊन वजन उतरवलं. वर्षभरानंतर त्यांचे हार्मोन्स तपासले तेव्हा भूक वाढवणारं घ्रेलिन अजून चढलेलंच होतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी लेप्टिनसारखी हार्मोन्स उतरलेलीच होती. शरीर गेलेलं वजन परत मागत होतं, आणि तेही एक वर्ष उलटून गेल्यावर. हे पेशंटला सांगाच. "तीनदा वजन उतरवलं आणि तीनदा परत आलं, त्यात तुमचा कमकुवतपणा नाही, शरीराचा स्वभावच तसा आहे आणि त्यावर उपचार आहेत." माझा अनुभव असा आहे की या एका वाक्यानंतर लोक खुर्चीत जरा मागे टेकून बसतात आणि मग खरं काय ते सांगायला लागतात. लपूनछपून, एका बसणीत, पोट दुखेपर्यंत खाण्याबद्दलही (बिंज) तेव्हाच बोलतात. तसं काही ऐकू आलं तर पहिली चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञांना जायला हवी. आहाराचा कडक तक्ता अशा माणसाला आणखी खोलात नेतो.

कोणाला कुठे पाठवायचं, हे नुसत्या बीएमआयवरून ठरवू नका. बीएमआय चाळणी म्हणून ठीक आहे. तोसुद्धा आशियाई वंशाच्या लोकांत कमी आकड्यालाच धोका दाखवू लागतो आणि चरबी कुठे साठली आहे हे सांगत नाही, म्हणून कंबरेचा घेर मोजायची सवय लावा. पण पाठवायचं कारण हवं त्रास. २००९ मध्ये शर्मा आणि कुशनर यांनी मांडलेली एडमंटन पद्धत मला रोजच्या कामात सोपी वाटते. वजनामुळे शरीरावर, मनावर आणि रोजच्या हालचालींवर काय परिणाम झाला आहे, त्यावरून शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवायच्या. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आयोगानेही हीच दिशा धरली. अवयवांवर किंवा रोजच्या जगण्यावर परिणाम झालेला लठ्ठपणा हा आजार मानायचा, आणि तसा परिणाम अजून न झालेल्याकडे धोका म्हणून लक्ष ठेवायचं. बीएमआय ३२ असलेला, रात्री श्वास अडकणारा आणि यकृत खराब होत चाललेला माणूस बीएमआय ३८ च्या ठणठणीत माणसाआधी पुढे जायला हवा.

ही पायरी ठरवायला लागणारं बरंचसं काम तुमच्याच टेबलावर होतं, आणि एकाच भेटीत उरकायची गरज नाही. पहिल्या भेटीत बोलणं, दुसऱ्या भेटीत तपासण्या. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइड). यकृतासाठी वय, एएसटी, एएलटी (यकृताच्या रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट यांवरून निघणारा फिब-४ हा आकडा. तो १.३ च्या खाली असेल तर यकृतात जास्त तंतू साचले असण्याची शक्यता कमी. झोपेत श्वास अडकतो का हे पाहायला स्टॉप-बँग प्रश्नावलीचे आठ प्रश्न, ज्यात मानेचा घेरही येतो. तीन किंवा जास्त "हो" आले तर झोपेच्या तपासणीला पाठवा, आणि याला उशीर करू नका. रात्रभर गुदमरणाऱ्या माणसाला सकाळी उठून व्यायाम करा म्हणणं निर्दयपणाचं आहे. मग औषधांची यादी घ्या आणि ओळीने वाचा. इन्सुलिन, सल्फोनिलयुरिया, स्टिरॉइड, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, मिर्टाझापिन, या सगळ्यांनी वजन वाढू शकतं. यातलं एखादं बदलता येतं का, हे ते लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारा. हासुद्धा रेफरलच आहे, आणि बहुधा सगळ्यात स्वस्तातला. औषध पेशंटला स्वतःहून बंद करायला मात्र सांगू नका.

हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे सरसकट सगळ्यांना धाडू नका. थोड्याशा बिघडलेल्या थायरॉइडने ३०-४० किलो वाढत नाहीत. पण वजन झपाट्याने वाढलं, पोटावर रुंद जांभळे पट्टे आले, खुर्चीवरून उठताना मांड्यांत जोर राहिला नाही, जरा धक्का लागला की काळंनिळं पडतं, असं असेल तर कुशिंगचा (शरीरात कॉर्टिसॉल हार्मोन जास्त होण्याचा आजार) विचार करून लगेच पाठवा. आणि पाच वर्षांच्या आतच वजन वाढू लागलेलं, भूक कधीच न भागणारं मूल दिसलं, तर जनुकीय तपासणीची सोय असलेल्या ठिकाणी. अशी मुलं थोडी असतात, पण ती चुकली की घरचे आयुष्यभर स्वतःला दोष देत राहतात.

औषधांचं चित्र गेल्या काही वर्षांत पार बदललं आहे, त्यामुळे "औषधांनी काही होत नाही" हे वाक्य आता सोडून द्यायला हवं. स्टेप-१ चाचणीत आठवड्याला २.४ मिलिग्राम सेमाग्लुटाइड (भूक कमी करणारं इंजेक्शन) घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. नुसत्या जीवनशैलीच्या सल्ल्याबरोबर खोटं औषध मिळालेल्या गटाचं २.४ टक्क्यांनी. टिर्झेपाटाइड या तशाच इंजेक्शनच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्क्यांपर्यंत मजल गेली. तुमच्या बाईंच्या संदर्भात महत्त्वाचं म्हणजे, लठ्ठपणासोबत गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज) असलेल्या लोकांवर सेमाग्लुटाइडची वेगळी चाचणी झाली. २०२४ मध्ये आलेल्या तिच्या निकालात वजनाबरोबर गुडघेदुखीही खोट्या औषधाच्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली होती. त्याच वेळी दुसरी बाजू पेशंटपासून लपवू नका. औषध थांबवल्यावर वर्षभरात गमावलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आलं. म्हणजे हे बीपीच्या औषधासारखं चालू ठेवायचं औषध आहे, आणि ते कितपत परवडेल याचं बोलणं पहिल्याच भेटीत व्हायला हवं. मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर स्वतःला किंवा घरात कुणाला झाला आहे का, आणि गरोदरपणाचा विचार आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ही औषधं सुरू करू नका.

आता ऑपरेशन, ज्याच्या नावानेच लोक दचकतात. १९९१ पासून चालत आलेला निकष होता बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत आजार. अनेक डॉक्टर अजून तोच धरून बसले आहेत. २०२२ मध्ये बॅरिॲट्रिक सर्जनांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो बदलला. बीएमआय ३५ असेल तर सोबत आजार असो वा नसो, ऑपरेशनची शिफारस करावी. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार करावा. आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही रेषा २७.५ ला आणली आहे. दुर्बिणीतून होणाऱ्या या ऑपरेशनचा जिवाचा धोका आज पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या आसपास येतो. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी राहिलं. तरीही अमेरिकेसारख्या देशात पात्र लोकांपैकी दर वर्षी सुमारे एक टक्काच लोक हे ऑपरेशन करून घेतात. बाकीच्यांमध्ये ज्यांना नको होतं ते आहेतच, पण ज्यांना कुणी नीट सांगितलंच नाही तेही पुष्कळ आहेत.

पेशंट नको म्हणतो तेव्हा तो बहुतेकदा ऑपरेशनला नको म्हणत असतो, सर्जनला भेटायला नव्हे. हा फरक त्याला करून दाखवा. "भेटलात म्हणजे होकार दिला असं नाही. माहिती घ्या, प्रश्न लिहून न्या, परत या, मग आपण दोघं मिळून ठरवू." आणि ही भेट पहिल्याच दिवशी सुचवू नका. तुमच्या बाईंचा बीएमआय ४१ आहे, त्या निकषात नक्की बसतात. तुम्ही सांगितलेलं चुकीचं नव्हतं, पण त्या तेव्हा ऐकायच्या अवस्थेत नव्हत्या.

गुडघा शेवटच्या टप्प्यात असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडून उलटी चिठ्ठी येईल, "आधी वजन कमी करा, मग सांधा बदलू." मला या चिठ्ठीचा राग येतो. चालता न येणाऱ्या माणसाला कुठलीही मदत न देता वजन उतरवायला सांगून दारातून परत पाठवायचं, ही कुठली रीत? अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेरोपण सर्जनांच्या संघटनांनी २०२३ मध्ये एकत्र मार्गदर्शन काढलं. ठराविक बीएमआय गाठेपर्यंत सांधेरोपण लांबवू नये, असं त्यात आहे. अशी चिठ्ठी आली तर त्याचा हवाला देऊन सर्जनशी बोला. पेशंटच्या वतीने भांडणं हेही फॅमिली डॉक्टरचंच काम आहे.

चिठ्ठीत काय असावं ते नमुन्यानेच दाखवते:

"वय ४५, बीएमआय ४१. उजव्या गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, एचबीए१सी ६.२. घोरणं आणि दिवसा झोप आहे, झोपेची तपासणी या महिन्यात होईल. यापूर्वी तीनदा आहार-व्यायामाने वजन उतरलं, तिन्ही वेळा परत आलं. बिंज खाणं नाही. पेशंटने ऑपरेशनचा निर्णय घेतलेला नाही, त्यांना औषध आणि ऑपरेशन हे दोन्ही पर्याय समजून घ्यायचे आहेत. त्यांना जिना न थांबता चढायचा आहे. माझा प्रश्न: यांच्यासाठी कोणता पर्याय तुम्ही आधी सुचवाल आणि का? बीपी-शुगर मी पाहते आहे. माझ्याकडे त्यांची पुढची भेट सहा आठवड्यांनी ठरली आहे, त्याआधी दोन ओळी कळवाव्यात."

"ओबेसिटी, कृपया पाहावे" या चिठ्ठीला उत्तर येत नाही, कारण तिच्यात काही विचारलेलंच नसतं. प्रश्न विचारला की उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते. पेशंटला ही चिठ्ठी वाचून दाखवा. आपल्याबद्दल काय लिहिलं आहे हे त्याला कळायला हवं, आणि त्यात न आवडणारा शब्द असेल तर तो तिथेच खोडता येतो.

ज्यांच्याकडे पाठवता त्यांना एकदा स्वतः फोन करून पाहा. तिथे भेट किती दिवसांनी मिळते? खुर्च्या, तपासणीचं टेबल, कपडे मोठ्या मापाचे आहेत का? आहारतज्ज्ञ पेशंटचं ऐकून घेतात की सगळ्यांना एकच छापील तक्ता देतात? परत आलेल्या पेशंटला विचारा, "तिथे तुमच्याशी कसं वागले?" दोघा-तिघांनी वाईट सांगितलं तर त्या ठिकाणी पाठवणं थांबवा आणि का थांबवलं ते त्यांना कळवा.

थांबावं लागत असेल, आणि बऱ्याचदा महिनोन् महिने थांबावं लागतं, तर तो काळ रिकामा जाऊ देऊ नका. पाच टक्के वजन उतरलं तरी शुगर आणि बीपी हलायला लागतात. गुडघ्याचा हिशेब तर पेशंटला फार आवडतो. २००५ च्या एका अभ्यासाप्रमाणे शरीरावरून एक किलो उतरला की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

ऑपरेशन झाल्यावरही पेशंट तुमच्याकडेच येणार आहे, आणि तिथे तुमची गरज सर्जनपेक्षा जास्त काळ लागते. शुगर-बीपीच्या गोळ्यांचा डोस काही आठवड्यांतच उतरवावा लागतो. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर, आणि त्यांच्या तपासण्याही. उलट्या थांबत नसतील तर थायमिनची (बी१ जीवनसत्त्वाची) कमतरता लक्षात ठेवा, तिथे वाट पाहणं मेंदूला महागात पडतं. गरोदरपण बारा ते अठरा महिने पुढे ढकलायला सांगा. आणि गॅस्ट्रिक (जठराचं) बायपास झालेल्या पेशंटच्या गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक लिहू नका, जोडाच्या जागी अल्सर होतो. सर्जनच्या कागदावर हे बारीक अक्षरात असतं आणि सहा महिन्यांनी सगळेच विसरतात.

पलीकडून काही कळत नाही, या तुमच्या तक्रारीवर मी एकच सोपी व्यवस्था सुचवते. एक वही करा. पाठवलेल्या प्रत्येकाचं नाव, कोणाकडे, कशासाठी, भेटीची तारीख आणि तुमच्याकडे परत यायची तारीख. आठवड्यातून एकदा नर्सने ती उघडून ज्यांची तारीख उलटली त्यांना फोन करायचा. "का गेला नाहीत?" असं विचारायचं नाही. "जायला काय अडचण आली?" असं विचारायचं. अडचणी साध्या निघतात: सोबत कुणी नव्हतं, सुट्टी मिळाली नाही, पैशांची सोय झाली नाही, फोन कुणी उचलला नाही. यातल्या निम्म्या अडचणी नर्स फोनवरच सोडवू शकते. ज्यांनी नको म्हटलं त्यांच्या नावापुढेही तारीख टाका, तीन-चार महिन्यांनंतरची. त्या भेटीत पुन्हा परवानगी मागून विचारा, आणि पुन्हा नको म्हणाले तर बीपी तपासा, औषध लिहून द्या आणि पुढची तारीख टाका.